नाव कोल्हापूरचे, मालकी कोणाची?

जून 2025 मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या कंपनीने पुरुषांच्या पोशाखांचे प्रदर्शन भरविले आणि त्यात कोल्हापुरी चपलेशी हुबेहूब जुळणारे पादत्राण, कोल्हापूरचा नामोल्लेखही न करता, मांडले. महाराष्ट्रात संताप उसळला. ज्यांनी उभ्या आयुष्यात चर्मकाराच्या ओसरीवर पाऊल ठेवले नव्हते, त्यांनाही एकाएकी आपल्या वारशाची आठवण झाली. पुढे कंपनीने भारतीय हस्तकलेचे ऋण मान्य केले, डिसेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला, आणि प्रकरण गोडीगुलाबीने मिटल्याचे सर्वांनी धरून चालले. परंतु खरा प्रश्न अद्याप विचारलाच गेलेला नाही. ‘कोल्हापुरी’ या नावाची मालकी कायद्याने आज कोणाकडे आहे, आणि ती ज्याच्या हातून चप्पल घडते त्याच्याकडे का नाही?

प्रथम कायदा काय देतो ते पाहू. भौगोलिक मानांकनाचा कायदा 1999 साली संमत झाला व सप्टेंबर 2003 पासून अंमलात आला. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स कराराने तो आपल्याला करणे भाग पाडले. या कायद्याखाली कोल्हापुरी चपलेची नोंदणी झाली ती कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी. सीमाप्रश्नावर पिढ्यान्‌पिढ्या भांडणाऱ्या दोन राज्यांना चपलेने एका नोंदवहीत आणले, ही गोष्ट आनंदाचीच आहे. परंतु नोंदणीकृत मालक कोण? दोन सरकारी महामंडळे. कारागीर हा फार तर ‘अधिकृत वापरकर्ता’, आणि तोही स्वतंत्र अर्ज करून नाव नोंदविले तर. ज्याच्या आजोबा-पणजोबांनी हे नाव कमावले, त्याने ते वापरण्यासाठी कचेरीत अर्ज करायचा, असा हा न्याय आहे.

याचा परिणाम जुलै 2025 मध्ये दिसला. काही वकिलांनी कारागिरांच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. मानांकनाचे नोंदणीकृत मालक स्वतः दाद मागू शकतात, तुम्ही त्यांपैकी नाही, असे म्हणून न्यायालयाने ती फेटाळली. कायद्याच्या दृष्टीने न्यायालयाचे म्हणणे गैर नव्हे. गैर आहे ती व्यवस्था, जिच्यात हक्क महामंडळाच्या कपाटात आणि नुकसान कारागिराच्या घरात राहते.

दुसरी गोष्ट अशी की हा कायदा नावाचे रक्षण करतो, घाटाचे नव्हे. अंगठा, कान, पट्टा, वेणी हे सगळे उचलून त्याला नुसते ‘चामडी सँडल’ म्हटले की मानांकनाचा हात तेथवर पोहोचणे कठीण. डिझाइनविषयीचा 2000 सालचा कायदा घाटाचे रक्षण करतो खरा, पण तो घाट नवीन असला तरच, आणि तेही जास्तीत जास्त पंधरा वर्षे. शतकानुशतके चालत आलेली कला त्याच्या लेखी ‘नवीन’ नाही, म्हणून ती सर्वांची, म्हणजेच ज्याच्याकडे भांडवल आहे त्याची. उलट कंपनीचे व्यापारचिन्ह दर दहा वर्षांनी शुल्क भरले की अमर! एकाचे नाव ही मालमत्ता ठरते आणि दुसऱ्याची विद्या ही फुकटची सामग्री, या भेदालाच आज बौद्धिक संपदा म्हणतात.

ट्रिप्स करारातही हाच पंक्तिप्रपंच आहे. त्याच्या 23 व्या कलमाने द्राक्षमद्य व इतर मद्यांच्या नावांना असे संरक्षण दिले, की ‘अमुक धाटणीचे’ असे म्हणूनही दुसऱ्याला ते नाव वापरता येऊ नये. इतर मालाच्या वाट्याला 22 वे कलम आले. तेथे ग्राहकाची दिशाभूल झाल्याचे दाखवावे लागते. युरोपचे मद्य वरच्या पंगतीला आणि आमची चप्पल, आमचा चहा, आमचे कापड दारात! हे वरचे संरक्षण सर्व मालाला मिळावे, ही भारतासह अनेक देशांची मागणी दोहा परिषदेनंतर लोंबकळत पडली आहे.

काही सहकारी म्हणतील, करार तर झाला, कारागिरांना काम मिळेल, प्रशिक्षण मिळेल, मग तक्रार कशाची? काम मिळत असेल तर त्याचे स्वागतच आहे. पण हिशेब करून पाहावा. जाहीर झाल्याप्रमाणे सुमारे 2,000 जोड, प्रत्येकी सुमारे 800 युरो. म्हणजे एकंदर विक्री सुमारे 16 लाख युरोंची. हजार-दोन हजार रुपयांना विकल्या जाणाऱ्या वस्तूची किंमत 80 हजारांच्या घरात जाते, तेव्हा वाढलेले मूल्य श्रमातून आले की शिक्क्यातून? आणि त्यातील किती वाटा वेणी घालणाऱ्या बाईच्या हाती पडेल? वारसा जनतेचा असेल, तर करारातील मजुरीचा दरही जनतेला कळला पाहिजे.

आता परदेशी कंपनीला चार शब्द सुनावणाऱ्यांनी घरातही पाहावे. रेक्झिनच्या, यंत्रावर ठोकलेल्या चपला ‘कोल्हापुरी’ म्हणून आपल्याच बाजारपेठांत राजरोस विकल्या जातात. तेथे नावाची चोरी उघड आहे आणि कायदाही स्पष्ट आहे, पण तेथे कोणाचा स्वाभिमान दुखावत नाही. आणि नाव टिकायचे तर कातडे हवे. बैलाचे कातडे या धंद्याचा एक आधार. 2015 मध्ये गोवंश हत्याबंदी बैलांना लागू झाली आणि तो आधार तुटला. म्हशीच्या कातड्यावर बंदी नाही हे खरे. पण जुलै 2016 मध्ये गुजरातेतील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर झोडपले गेले, तेव्हा कातड्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाला संदेश मिळाला. ज्या राजकारणाने कारागिराचा कच्चा माल हिरावला, तेच मिलानच्या नावाने छाती पिटते, हा दांभिकपणा आहे. वस्तू ‘वारसा’ म्हणून मिरवायची आणि ती घडविणाऱ्या ढोर-चर्मकारांना गावकुसाच्या कडेलाच ठेवायचे, ही तर जुनीच रीत.

म्हणून आपली मागणी केवळ ‘परदेशी चोर’ या घोषणेपुरती असता कामा नये. आठही जिल्ह्यांतील प्रत्येक कारागिराची, घरोघरी काम करणाऱ्या स्त्रियांसह, अधिकृत वापरकर्ता म्हणून विनाशुल्क नोंदणी व्हावी. मानांकनाच्या मालकीत कारागिरांच्या सहकारी संस्थांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावेत, आणि त्यांच्या संमतीवाचून कोणताही करार होऊ नये. मजुरीचा दर आणि विक्रीतील वाटा प्रसिद्ध करावा. भारतीय कायद्याच्या 22 व्या कलमात केंद्राला अधिसूचनेने एखाद्या मालास अधिक संरक्षण देता येते. ते कोल्हापुरीला मिळावे. कातड्याचा पुरवठा आणि वाहतूक यांना पोलिसांकडून व झुंडींकडून संरक्षण हवे.

यांतले कोणतेही काम मिलानला जाऊन करायचे नाही. ते अथणीत, निपाणीत, कोल्हापूरच्या गल्ल्यांत, अर्जाचे कागद हाती घेऊन करायचे आहे. सहकाराचा अभिमान सांगणाऱ्या या प्रदेशात ऊस पिकविणारा कारखान्याचा सभासद होतो, तर चप्पल घडविणारा आपल्या नावाचा मालक का होऊ नये? कार्यकर्त्यांनी हा प्रश्न घेऊन प्रथम त्याच्या दारी जावे, आणि त्यानंतर महामंडळाच्या.