‘स्लेक’ आणि चवदार तळें

इंग्रजी काव्यांत व ललित गद्यांत ‘स्लेक’ हें क्रियापद अधूनमधून भेटतें. मूळ अर्थ सैल वा मंद करणें. पुढें तहान शमविणें. विद्यार्थी तें ‘पिणें’ या अर्थीं योजितात, ती आमच्या मतें चूक होय. पाणी ‘स्लेक’ होत नाहीं. होते ती तहान. मराठींतही पाणी पितात, आणि भागवितात ती तहान.

हा भेद महाड-पोलादपूरकडील विद्यार्थ्यांनीं तरी विसरूं नये. ता. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें. ‘त्यांनीं तहान स्लेक केली’ असें कोणी लिहिल्यास व्याकरण शुद्ध राहील, पण सत्य बिघडेल. त्या पाण्यावांचून त्यांचे प्राण अडले नव्हते. ती ओंजळ माणुसकीच्या समान हक्कासाठीं होती. ती तहान त्या दिवशीं भागली नाहीं. तळें बाटलें म्हणून त्याची ‘शुद्धि’ झाली, वाद न्यायालयांत गेला, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या अनुकूल निकालास १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडावा लागला.

याच क्रियापदाचा दुसरा उपयोग चुनकळी पाण्यानें विरविण्याचा. तेथें पाणी शांत करीत नाहीं, उकळी आणतें. त्या दिवशीं महाडांत पाण्यानें हेंच कार्य केलें. तेव्हां शब्दाचे दोन्ही अर्थ जाणून मगच लेखणी उचलावी, अशी विद्यार्थी बंधुभगिनींस आमची विनंति आहे.