हेल्मेट होते का, एवढेच विचारून भागेल?

सायकलस्वाराला हेल्मेट घालायला सांगणे सोपे असते. त्यासाठी निविदा काढावी लागत नाही, कुणाचे पार्किंग हलवावे लागत नाही. म्हणूनच अपघाताची बातमी आली की पहिला प्रश्न असतो, 'हेल्मेट होते का?' तिथे सायकलला जागा होती का, हे क्वचितच कुणी विचारतो.

हेल्मेट निरुपयोगी आहे, असे मात्र मुळीच नाही. डोके डांबरावर आपटते तेव्हा हेल्मेटमधला थर्मोकोलसारखा थर स्वतः चेपला जातो. डोके थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळतात आणि मेंदूला बसणारा हिसका कमी होतो. जगभरातल्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यात अपघातग्रस्त सायकलस्वारांपैकी हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याच्या गंभीर दुखापतीची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी कमी आढळली. सायकल शिकणारी मुले, घाटात वेगाने उतरणारे हौशी सायकलपटू आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे ज्येष्ठ यांनी तर ते घालावेच.

पण या टोपीची मर्यादाही समजून घ्यायला हवी. युरोपीय मानकानुसार तिची चाचणी होते ती ताशी सुमारे वीस किलोमीटर वेगाच्या आघाताने. म्हणजे तोल जाऊन पडणे इथवर ठीक. ताशी साठने येणाऱ्या टेम्पोची ऊर्जा तीसने येणाऱ्याच्या चौपट असते. आणि वळणाऱ्या ट्रकचे मागचे चाक ओटीपोटावरून गेले तर माणूस जातो तो रक्तस्रावाने. डोके शाबूत असूनही.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० पासून सर्व सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. डोक्याच्या दुखापती घटल्या, पण सायकल चालवणारेही घटले, विशेषतः किशोरवयीन मुले. मधुमेह आणि स्थूलता वाढत असताना हा सौदा कितपत परवडणारा?

नेदरलँड्सने वेगळी वाट धरली. तिथे १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यात चारशेहून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचे नावच होते 'मुलांची हत्या थांबवा'. पुढे वेगळे सायकलमार्ग आले आणि वस्त्यांमधला मोटारींचा वेग उतरवला गेला. आज तिथे शाळकरी पोरे, आज्या, कार्यालयात जाणारे बहुतेक सगळे बोडक्या डोक्याने फिरतात. (हल्ली ई-सायकलवरून पडणाऱ्या वृद्धांमुळे तिथेही हेल्मेटचा आग्रह धरला जाऊ लागला आहे, हेही सांगायला हवे.)

आपल्याकडे रोज सायकल चालवतो तो कोण? पहाटे दूध आणि पेपर टाकणारा, रात्रपाळी संपवून परतणारा वॉचमन, बांधकामावर निघालेला गवंडी, गावाहून तालुक्याच्या शाळेत जाणारी आठवीतली मुलगी. यातल्या बहुतेकांना हेल्मेटची किंमत जड जाते. सक्ती केली तर पावती फाटेल ती त्यांचीच. त्यांच्या सायकलीला मागे साधा लाल रिफ्लेक्टर किंवा दिवा असला तरी पहाटेच्या अंधारात बराच फरक पडेल, आणि तो खर्च फारच थोडा आहे.

एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्याचेच पाहा. तिथे सायकलमार्ग आहेत, २०१७ साली महापालिकेने सायकल आराखडाही मंजूर केला. पण मार्गावर गाड्या उभ्या, मध्येच विजेचा डीपी, पुढे पथारी, आणि चौक आला की मार्गच संपलेला. नेमक्या चौकातच, जिथे वाहने वळतात आणि धोका सर्वाधिक असतो. कडेच्या पावसाळी गटाराची जाळी चाकाच्या दिशेने बसवली असेल तर पुढचे चाक तीत अडकते. ती आडवी फिरवून बसवायला कुठल्याही नव्या आराखड्याची गरज नाही.

रुग्णालयांनाही एक काम करता येईल. जखमी सायकलस्वाराच्या केसपेपरवर हेल्मेटच्या नोंदीखाली आणखी दोन ओळी घालाव्यात: अपघात नेमका कुठे झाला, आणि तिथे सायकलसाठी वेगळी जागा होती का. वर्षभराच्या अशा नोंदी नावे वगळून महापालिकेच्या पथ विभागाकडे गेल्या, तर कोणता चौक आधी दुरुस्त करायचा यावर फारसा वाद उरणार नाही.