पिल्लाच्या आईचा रिपोर्ट

काय दोस्तांनो, सहामाही परीक्षा संपली ना? पेपर कसे गेले ते आज विचारत नाही, घाबरू नका! पण सुट्टी लागली की घराघरांतून एक मागणी हमखास ऐकू येते. "आई, आपण मांजर आणू या ना!" आणि हल्ली नुसतं मांजर चालत नाही. पर्शियन हवं! लांबलचक मऊ केस, बसकं नाक, बटणासारखे गोल डोळे. जणू कापसाचा गोळाच. त्याने काचेआडून एकदा तुमच्याकडे बघितलं की संपलंच सगळं!

तर आज आपण या कापसाच्या गोळ्याच्या पोटात डोकावू या. आईबाबा, तुम्हीही हे पान वाचा बरं का. पैसे तुम्हीच देणार आहात!

पर्शियन म्हणजे पर्शियाचं, अर्थात इराणचं, असं नावावरून वाटतं. गंमत म्हणजे २००८ साली शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या जातींच्या मांजरांची जनुकं तपासली, तेव्हा आजची पर्शियन मांजरं पश्चिम युरोपातल्या मांजरांची जवळची नातेवाईक निघाली. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं. पुढे अशी प्रदर्शनं लोकप्रिय झाली. मग लांब केस आणि चपटा चेहरा हवा म्हणून ठरावीक घराण्यांतल्याच बोक्यांच्या आणि भाट्यांच्या जोड्या लावल्या जाऊ लागल्या. (भाटी म्हणजे मांजराची मादी, हा जुना शब्द आजीला नक्की ठाऊक असेल.) नात्यातल्या नात्यात असं चाललं की हव्या त्या गुणांबरोबर एखादा नको असलेला दोषही घराण्यात पसरतो.

पर्शियन मांजरांत पसरलेल्या अशाच एका दोषाचं नाव आहे पॉलिसिस्टिक किडनी डिसीज. आपण त्याला थोडक्यात पीकेडी म्हणू.

मूत्रपिंडं काय काम करतात, ते तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं असेलच. रक्तातली घाण गाळायची आणि शरीराला लागणारं पाणी राखून ठेवायचं. पीकेडी असलेल्या पिल्लाच्या मूत्रपिंडांत जन्मापासूनच पाण्याने भरलेल्या बारीक बारीक पिशव्या असतात. सुरुवातीला त्या मोहरीहूनही लहान असतात. वय वाढतं तशा त्याही फुगत जातात, काही तर एक सेंटिमीटरहून मोठ्या होतात. कल्पना करा, तुमच्या वर्गात कुणीतरी रोज दोन-चार फुगे फुगवून ठेवतंय. महिनाभर काही बिघडत नाही. पण एक दिवस असा येतो, की मुलांना बसायला जागाच उरत नाही. मूत्रपिंडाचंही तसंच होतं. त्यात आणखी एक अडचण. मूत्रपिंड फार सोशिक असतं. जवळजवळ दोन तृतीयांश भाग निकामी होईपर्यंत बाहेर काही कळतच नाही.

समजा, तुम्ही तिसरीत असताना एक पिल्लू आणलंत. नाव ठेवलंत बर्फी. बर्फी तुमच्या दप्तरावर झोपते, पडद्याला लोंबकळते, सगळं कसं मजेत. आणि तुम्ही दहावीत जाता तेव्हा ती अचानक पाण्याचं भांडं रिकामं करू लागते. लघवी जास्त होते, वजन उतरतं, खाणं सुटतं, उलट्या होतात. या आजारात मूत्रपिंडं निकामी होण्याचं सरासरी वय सात वर्षांच्या आसपास असतं. कुणाला तिसऱ्या वर्षी त्रास होतो, कुणाला दहाव्या. हा आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून तरी नाही.

"मग आजारी मांजरांची पिलं लोक विकतातच कशाला?" असं विचारताय ना? अहो, भाटीला पहिली पिलं होतात ती वर्ष-दीड वर्षाची असताना. आजार दिसतो सातव्या वर्षी. तोवर ती पणजीसुद्धा झालेली असते! म्हणून पुष्कळ वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही. २००१ ते २००३ च्या सुमारास ब्रिटन, फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियात पर्शियन मांजरांची सोनोग्राफी केली, तेव्हा तपासलेल्या दर दहांतल्या चार-पाच मांजरांच्या मूत्रपिंडांत या पिशव्या सापडल्या. केवढं हे प्रमाण!

आता एक नाणं घ्या. घेतलंत? प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. पीकेडी व्हायला एकच बिघडलेली प्रत पुरे होते. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर ते पिल्लू जन्मालाच येत नाही. म्हणजे आजारी भाटीकडे एक प्रत चांगली आणि एक बिघडलेली असते. बोका निरोगी आहे असं धरा आणि तिच्या प्रत्येक पिल्लासाठी नाणं उडवा. छापा पडला तर पिल्लू ठणठणीत, काटा पडला तर आजार आलाच. पाच पिलं म्हणजे पाचदा उडवा. हा खेळ दहा वेळा करून वहीत मांडा. कधी तीन-दोन, कधी एक-चार, तर एखाद्या वेळी पाचच्या पाच काटे! आणि ही सगळी पिलं दिसायला सारखीच गोंडस. चेहरा बघून काहीही कळणार नाही.

पण याच खेळात एक चांगली बातमीही दडली आहे. आई आणि वडील दोघांकडेही बिघडलेली प्रत नसेल, तर नाणं उडवायची वेळच येत नाही. हा दोष एखादी पिढी लपून बसून पुढच्या पिढीत वर येत नाही. आजारी मांजरांची पैदास थांबली, की दोषही तिथेच थांबतो.

मांजर निरोगी आहे की नाही, हे ओळखताही येतं. २००४ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शास्त्रज्ञांनी बिघडलेलं जनुक शोधून काढलं. आता गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून नमुना घेतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. ही तपासणी आयुष्यात एकदाच केली तरी पुरते. दुसरा मार्ग सोनोग्राफीचा. त्यासाठी मांजर दहा महिन्यांचं झालेलं बरं, त्याआधी बारीक पिशव्या नजरेतून सुटू शकतात. जिथे पैदास करणाऱ्यांनी अशा तपासण्या नेमाने केल्या, तिथे पीकेडीचं प्रमाण घटलं.

म्हणून दोस्तांनो, पिल्लू मांडीवर घेण्याआधी एक प्रश्न विचारायचा: "याच्या आईवडिलांचा पीकेडीचा रिपोर्ट दाखवता का?" आधी मांडीवर घेतलंत तर प्रश्न विसरलातच म्हणून समजा! विकणारा कदाचित लसीकरणाचं कार्ड पुढे करेल. ते हवंच, पण तो हा रिपोर्ट नव्हे. कदाचित वंशावळ दाखवेल. वंशावळीत पणजोबांचं नाव कळतं, त्यांची मूत्रपिंडं नाही कळत! रिपोर्ट नसेल तर "आम्ही खर्च करतो, आईची आणि वडिलांची तपासणी करू या," असं म्हणून बघा. त्यालाही नकार मिळाला तर नमस्कार करून बाहेर पडा. दहा गिऱ्हाइकांनी एकच प्रश्न विचारला, तर अकरावं येण्याआधी तो माणूस तपासणी करून ठेवेल.

आणि एखाद्याच्या घरी अशी आजारी बर्फी आधीपासूनच असेल तर? सगळ्यांत आधी लक्षात ठेवा, हे तुमच्यामुळे झालेलं नाही. तुम्ही दिलेलं दूध, तुमचा खेळ, काहीही याला कारण नाही. डॉक्टरांनी सांगितलेला मूत्रपिंडाच्या आजाराचा आहार, दोन-तीन ठिकाणी ठेवलेलं ताजं पाणी, गरज पडली तर कातडीखाली दिलेलं सलाइन, एवढ्यावर अशी मांजरं पुष्कळ दिवस, कधीकधी काही वर्षंही सुखाने काढतात. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मात्र चुकूनही देऊ नका. मांजराला ती विष आहे, एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. "एकदा तरी पिलं होऊ देत हो तिला," असं शेजारच्या काकू म्हणतील. त्यांना नाण्याचा खेळ दाखवा आणि बर्फीची नसबंदी करून घ्या. आणि आईबाबा, खर्च वाढला म्हणून तिला मंडईत सोडून यायचं नाही. पाळलेल्या जनावराला उपाशी मरायला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. शिवाय तुमची मुलं बघत असतात!

आता या आठवड्याचा गृहपाठ. मांजर कुठल्याही जातीचं असो, अगदी गावठी असलं तरी, दर महिन्याच्या एक तारखेला त्याचं वजन करा. एकटं ते काट्यावर बसणार नाही. म्हणून आधी त्याला कडेवर घेऊन तुम्ही उभे राहा, मग एकटे. वजाबाकी येतेच तुम्हाला! तो आकडा वहीत लिहून ठेवा. दोन-तीन महिने तो खाली खाली जाऊ लागला, तर वही घेऊन थेट जनावरांच्या डॉक्टरांकडे जा. मांजर बोलत नाही, पण वही बोलते.

बराय तर, भेटू पुढच्या आठवड्यात!