आत काय बोलणं झालं?

‘पोरगी आत काय बोलली?’ बाहेर बसलेले वडील फी भरता भरता विचारतात. मुलगी चोवीस वर्षांची असली तरी. काही समुपदेशक भिडेपोटी थोडंफार सांगूनही टाकतात. इथेच काम बिघडतं. पुढच्या वेळी ती नुसतं ‘बरंय’ म्हणते. मानसिक आजाराच्या रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे काही अपवाद आहेत. ते पहिल्याच भेटीत सांगायला हवेत. ‘लग्न कर’, ‘नोकरी सोड’ हेही समुपदेशन नव्हे. त्यासाठी आत्या-मावश्या आहेतच. तिचा निर्णय तिला घेता यावा, एवढ्यासाठीच ती खोली असते. वडिलांना काही कळवायचंच असेल, तर आधी तिला विचारावं.