तुलनेच्या गटातल्या बायका

चाकण एमआयडीसीच्या आसपास, खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगेच्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या बायकांना गाव विचारलं की लातूर, बीड, धाराशिव ही नावं पुन्हापुन्हा येतात. यातल्या धाराशिवचं, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादचं नाव जगभरच्या कॅन्सरतज्ज्ञांना माहीत आहे. ते का, हे आपल्या कार्यकर्त्यांना मात्र फारसं ठाऊक नसतं.

१९९९ मध्ये या जिल्ह्यातल्या गावांचे ५२ समूह करून ३० ते ५९ वयाच्या बायकांवर एक मोठं संशोधन सुरू झालं. एकूण बायका १,३१,७४६. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचं हे काम, पैसा गेट्स फाउंडेशनचा. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर लवकर पकडायला कोणती तपासणी चांगली, हे पाहायचं होतं. एका गटाला एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याला पॅप स्मिअर, तिसऱ्याला आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी. चौथा गट तुलनेसाठी. त्यातल्या ३१,४८८ बायकांना ‘नेहमीची सेवा’ मिळणार होती, आणि खेड्यात तेव्हा या तपासणीची नेहमीची सोय नव्हतीच.

२००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल छापून आला. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ बायकांपैकी ३४ जणी या कॅन्सरने गेल्या. तुलनेच्या गटात बायका कमी, पण मृत्यू ६४.

निकाल मोलाचा आहे. आयुष्यात एकदाच केलेली चाचणीसुद्धा जीव वाचवू शकते, हे त्यातून कळलं. पण पॅप स्मिअर १९९९ मध्ये काही नवी नव्हती. श्रीमंत देशांत ती कित्येक दशकं वापरात होती आणि मृत्यू कमी झालेले दिसत होते. शिवाय त्याच जिल्ह्यात, दुसऱ्या गटातल्या गावांत ती केली जात होती. मग चौथ्या गटाला ती का नाही?

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून असाच अभ्यास चालला, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पैशावर. तिथे तपासणीविना ठेवलेल्या बायका ७६,१७८. अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट डॉ. एरिक सुबा यांनी तक्रार केली. तेव्हा तिथल्या सरकारी कार्यालयाने मुंबईतल्या बायकांना संमती घेताना पुरेशी माहिती दिली नव्हती, असा निष्कर्ष काढला. २०१४ मध्ये सुबा यांनी ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये हिशेब मांडला: तमिळनाडूतलं दिंडिगल धरून तिन्ही ठिकाणी तपासणी न दिलेल्या १,३८,६२४ बायकांपैकी किमान २५४ मृत्यू.

संशोधकांच्या बाजूने उत्तर असं येतं की देशात तपासणीचा कार्यक्रमच नव्हता, आम्ही कुणाचं काही काढून घेतलं नाही. हे उत्तर मला सगळ्यात जास्त खुपतं. सरकारने ज्यांना काही दिलं नाही, त्यांचं ते काही नसणंच इथे मोजमापाची पट्टी झालं. ही सोय वस्तीत आणि खेड्यातच मिळते, कोथरूडच्या सोसायटीत असा गट उभा करता आला नसता.

नियतकालिकांची जबाबदारी इथेच येते. १९६४ पासूनचा हेलसिंकी जाहीरनामा सांगतो की सिद्ध झालेला उपाय असेल तर तुलना त्याच्याशी करावी, आणि तत्त्वं मोडून केलेलं संशोधन छापायला स्वीकारू नये. प्रत्यक्षात ‘नैतिकता समितीची मंजुरी होती, संमती घेतली होती’ एवढी ओळ असली की निबंध पुढे सरकतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीरनामा सुधारला. माणसांना आता त्यात ‘सहभागी’ म्हणतात. बरं झालं, पण सहभागीला काय मिळणार हे शब्दाने ठरत नाही.

आणि वेगळं करता येतं. वढू बुद्रुक आपल्याला गोविंद गोपाळ यांच्या समाधीमुळे माहीत आहे. तिथल्या केईएमच्या संशोधन केंद्रामार्फत पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत २,००४ बाळांवर गोवरच्या फवारा-लशीचा अभ्यास झाला. तुलनेच्या गटाला नेहमीची इंजेक्शनची लस मिळाली. कुणी रिकामं राहिलं नाही. फवारा कमी पडला (८५.४ टक्के विरुद्ध ९४.६), आणि २०१५ मध्ये त्याच अमेरिकी नियतकालिकात ही हारसुद्धा छापली गेली.

उस्मानाबादच्या बायकांना बदल्यात काय मिळालं? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या जेमतेम १.९ टक्के बायकांची ही तपासणी कधीतरी झालेली आढळली.

आपल्या पट्ट्यात कारखान्याच्या गेटवर, वस्तीत, विहारात आरोग्य शिबिरं होतच असतात. रक्ताचे नमुने आणि सह्या घेतल्या जात असतील, तर हे उपचार आहेत की संशोधन, हे आधी विचारा. संशोधन असेल तर मराठी संमतीपत्राची प्रत प्रत्येकीच्या हातात हवी. औषधाची किंवा तपासणीची चाचणी असेल तर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक मागा. ती यादी मोबाईलवर फुकट पाहता येते. तुलनेच्या गटाला काय देणार, आणि निबंध छापून आल्यावर तो याच वस्तीत मराठीत येऊन कोण सांगणार, हे विहाराची जागा देण्याआधी लेखी घ्या.