मजला चढतो, मुदतही वाढते

घरात माणसे वाढली की घरही वाढवावे लागते. गच्चीवर खोली चढते, बाजूच्या मोकळ्या जागेत पत्र्याची शेड उभी राहते. गरज खरी असली तरी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार हा 'विकास' ठरतो आणि त्यासाठी पूर्वपरवानगी लागते.

शासनाने ही वाट बंद ठेवली आहे, असे नव्हे. मुंबई व काही क्षेत्रे वगळता राज्यभरासाठी डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील बांधकामाची प्रक्रिया तिने सोपी केली. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडांसाठी दहा दिवसांत परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले. मुंबईत तर २०१२ मध्येच बाल्कनी व फ्लॉवर बेडची एफएसआयमुक्त सवलत संपवून निवासी इमारतींना त्या बदल्यात ३५ टक्के 'फंजिबल' एफएसआय देण्यात आला. पळवाट बुजवून उघड मार्ग देण्याचा तो प्रयत्न होता.

मात्र एकीकडे नियम सुटसुटीत होत असताना दुसरीकडे ते मोडणाऱ्यांना अभय मिळत गेले. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने त्या वर्षाच्या १ जानेवारीपर्यंतची बांधकामे नियमित करण्याची सोय केली. २०२१ च्या दुरुस्तीने ही मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत नेली. दरम्यान, २०१७ मध्ये नगररचना अधिनियमातच तरतूद करून २०१५ अखेरपर्यंतच्या अनधिकृत बांधकामांना दंड भरून नियमित होण्याची संधी देण्यात आली. प्रत्येक मुदत अखेरची म्हणून जाहीर झाली नसेलही. पण पुढची मुदत येणारच, हा धडा नागरिकांनी घेतला.

याची किंमत कोण मोजतो? नकाशा मंजूर करून, शुल्क भरून, एक खोली कमी बांधणारा. सामासिक अंतर गिळले गेले की शेजाऱ्याचा उजेड जातो आणि आगीच्या वेळी बंबाला वाट उरत नाही. जलवाहिनी व मलवाहिनी मात्र जुन्याच लोकसंख्येच्या हिशेबाच्या राहतात. दंडाची पावती ही उणीव भरून काढत नाही.

बांधकाम जुने आहे किंवा त्यावर मोठा खर्च झाला आहे, एवढ्यावरून ते नियमित ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये मेरठच्या प्रकरणात बजावले. परवानगी वेळेत मिळणे आणि मुदतीनंतर माफी न मिळणे, या दोन्ही गोष्टी एकत्र घडल्या, तरच सामान्य माणूस आधी मिस्त्रीला न बोलावता नगररचना कार्यालयाची पायरी चढेल.