व्हिडिओ वर्गात आणा

रायगडच्या किनाऱ्यावर, मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंत, मराठी माध्यमातून दहावी झालेले मूल विज्ञान शाखेत पाऊल टाकते तेव्हा एका उन्हाळ्यात त्याची शिकण्याची भाषा बदलते. दहा वर्षे गती, बल, आम्ल, पेशी हे सारे मराठीत शिकलेल्या मुलापुढे बालभारतीचेच पुस्तक येते, पण ते इंग्रजीत. शिकवणे इंग्रजीत, प्रयोगवही इंग्रजीत, बोर्डाची उत्तरपत्रिकाही इंग्रजीत. विषयांची काठिण्यपातळीही याच वर्षी एकदम चढते. शहरातले मूल अशा वेळी क्लास लावते. म्हसळ्याच्या किंवा मुरूडच्या आसपासच्या गावातल्या मुलाला एसटीच्या वेळा सांभाळून घरी आल्यावर आधार असतो तो घरातल्या मोबाइलचा. त्या मोबाइलवर अकरावी-बारावीचे मोफत व्हिडिओ इतके आहेत की पाहता पाहता दोन वर्षे सरतील. तेवढ्यावर प्रश्न सुटला असे पालक, संस्थाचालक आणि सरकार सगळेच मानू लागले आहेत. आम्हाला ते मान्य नाही. एकट्या मुलाच्या हाती सोपवलेला व्हिडिओ फार थोडे काम करतो. तोच व्हिडिओ शिक्षकाने वर्गात, मराठीच्या आधाराने दाखवला तर तो पुष्कळ काम करतो, असे आमचे म्हणणे आहे.

साठा मोठा आहे, यात शंका नाही. ९ जुलै २०१७ रोजी केंद्राने ‘स्वयम्’ आणि ‘स्वयंप्रभा’ सुरू केले. ‘स्वयम्’वर एनसीईआरटीचे अकरावी-बारावीचे अभ्यासक्रम आहेत, तर ‘स्वयंप्रभा’च्या वाहिन्यांवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे याच इयत्तांसाठीचे धडे डिश अँटेनावर विनाशुल्क दिसतात. त्याच वर्षी ‘दीक्षा’ आले, २०२३ मध्ये आयआयटी कानपूरच्या सहभागाने प्रवेशपरीक्षांसाठी ‘साथी’ आले. सलमान खान यांची खान अकॅडमी २००८ पासून ना-नफा तत्त्वावर चालते. अलख पांडे यांचे यूट्यूबवरचे हिंदी धडे तर देशभर पाहिले गेले, आणि त्यातून पुढे मोठी कंपनी उभी राहिली. यातले बरेच काम उत्तम आहे, आणि ज्यांच्या घरात क्लासची फी परवडत नाही त्यांना ते मिळते आहे याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण यातला बहुतांश भाग हिंदीत किंवा इंग्रजीत आहे, आणि त्याची मांडणी एनसीईआरटीच्या क्रमाने किंवा देशपातळीवरच्या प्रवेशपरीक्षांच्या अंगाने आहे. श्रीवर्धनचा मुलगा धडा हिंदीत ऐकतो, पुस्तक इंग्रजीत वाचतो आणि जे काही समजते ते मराठीत समजते. त्यातून आपल्या बोर्डाच्या पुस्तकातल्या प्रकरणाशी त्या धड्याचा सांधा जुळवायचे काम त्याच्या एकट्याच्या माथी येते, आणि जे मूल मागे पडलेले असते त्याला नेमके हेच काम जमत नाही.

मराठीला हे जमण्यासारखे नव्हते असे कुणी म्हणू नये. पुण्यात १९८४ मध्ये बालचित्रवाणी उभी राहिली आणि तिने दूरदर्शनसाठी शेकडो शैक्षणिक कार्यक्रम मराठीत तयार केले. पुढे निधी आटला, आणि २०१७ मध्ये संस्था बंद झाली. स्वस्त इंटरनेट घराघरांत पोहोचायला सुरुवात झाली ती २०१६ च्या सप्टेंबरात. म्हणजे ज्या दिवसांची अशा संस्थेने वाट पाहायची, ते दिवस उजाडता उजाडता आपण तिचे दार लावून घेतले. याची खंत आजही बोलून दाखवली पाहिजे. तीनच वर्षांनी करोनात शाळा बंद पडल्या तेव्हा एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने ‘टिलीमिली’ ही मालिका सह्याद्री वाहिनीवर आणली. ती पहिली ते आठवीसाठी होती, आणि मराठीत नेटका, शाळेच्या पुस्तकाशी जोडलेला धडा पडद्यावर देता येतो हे तिने दाखवून दिले. अकरावीच्या विज्ञानासाठी तशी सलग मालिका व्हायला हवी.

व्हिडिओ कुणाच्या हाती द्यावा, याबद्दल जगात थोडाफार पुरावा जमला आहे. पाकिस्तानातल्या पंजाब प्रांतात एका संशोधनात गणित आणि विज्ञानाचे छोटे व्हिडिओ दोन प्रकारे दिले गेले. जिथे ते शिक्षकांच्या हाती देऊन वर्गात वापरले गेले तिथे मुलांचे गुण वाढले. जिथे शिक्षकाला बाजूला ठेवून टॅब थेट मुलांना दिले तिथे गुण उलट घसरले. मेक्सिकोने तर १९६८ मध्येच खेड्यांतल्या माध्यमिक शाळांसाठी दूरचित्रवाणीचे धडे सुरू केले, आणि पडद्याशेजारी वर्गात एक शिक्षक कायम ठेवला. ती व्यवस्था आजही चालू आहे. २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचावरच्या लाखो पाहणीसत्रांचा अभ्यास झाला, तेव्हा लोक एका व्हिडिओकडे साधारण सहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लक्ष देत नाहीत असे दिसले. ती माणसे स्वतःहून शिकायला आली होती. मग दिवसभराच्या कॉलेजनंतर, एसटीतून उतरून आलेल्या सोळा वर्षांच्या मुलाने दीड तासाचा धडा एकट्याने पाहावा ही अपेक्षा वाजवी नाही. वर्गात सहा मिनिटे दाखवावे, थांबवावे, मराठीत विचारावे, फळ्यावर उदाहरण सोडवावे. पुन्हा तोच भाग दाखवता येतो, आणि एवढी सोय पुस्तकातही नाही.

हे धडे जिल्ह्यातच का व्हावेत, यालाही कारण आहे. अलिबागला भूचुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बिघडणार, हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात ती अलिबागला हलवली गेली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, म्हणजे जुनी आणि नवी मालिका जुळवता यावी. वाहत्या विजेमुळे चुंबकीय क्षेत्र तयार होते हा बारावीचा धडा यापेक्षा सरस उदाहरणाने कुठे शिकवता येईल? किहीमला सालीम अली यांनी १९३० मध्ये सुगरणीच्या विणीचा अभ्यास केला, आणि तो पक्षी-वर्तनाच्या भारतीय अभ्यासात मोलाचा ठरला. थळच्या आरसीएफ कारखान्यात नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया होतो. रासायनिक समतोलाच्या प्रकरणात दाब आणि तापमान का बदलतात, हे मुलांना त्या धुराड्यांकडे बोट दाखवून सांगता येते. ओहोटीला अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाता येते आणि भरतीला येत नाही, हे इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते, पण गुरुत्वाकर्षणाच्या प्रकरणाशी ते क्वचितच जोडून दिले जाते. दूरच्या स्टुडिओत हे धडे कुणी करणार नाही. ते इथल्या कनिष्ठ महाविद्यालयांतल्या शिक्षकांनीच करायला हवेत.

काही पालक म्हणतील की मराठीत शिकवून मुले इंग्रजीत मागे पडतील. आमचे म्हणणे मुलांना मराठीत अडकवण्याचे नाही. एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राचे पेपर मराठीतूनही देता येतात, गणित मात्र इंग्रजीतच. नीट आणि जेईई मेनच्या भाषांमध्येही मराठी आहे. तरी पुढे इंग्रजी टाळता येणार नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून धड्यात संकल्पना मराठीत उलगडावी, पारिभाषिक शब्द इंग्रजीत पडद्यावर लिहावा आणि शेवटी एक उदाहरण इंग्रजीतून पूर्ण सोडवावे. अकरावीच्या पहिल्या सहा-आठ आठवड्यांत असे केले तर पुढच्या इंग्रजीचा धाक निम्म्यावर येईल, असे आम्हाला वाटते.

दुसरा आक्षेप मोबाइलच्या नादाचा. तो खराच आहे, आणि धडा वर्गात दाखवायला हवा असे म्हणण्यामागे तेही एक कारण आहे. नेटवर्कचा प्रश्न याहून मोठा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, आणि राज्यभर ऑनलाइन वर्गांची तयारी चाललेली असताना श्रीवर्धन-मुरूडकडच्या गावांत कित्येक दिवस वीज नव्हती, फोन लागत नव्हते. बारावीच्या भौतिकशास्त्राचे सगळे धडे तळहाताएवढ्या हार्ड डिस्कवर मावतात. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात ती एकेक ठेवावी, आणि मुलांना पेनड्राइव्हवर धडे उतरवून न्यायची मुभा असावी.

सर्वांत गंभीर आक्षेप शिक्षकांचा आहे: व्हिडिओ आले की रिकाम्या जागा भरायच्या राहतील. या भीतीला आधार आहे, आणि आम्ही ती उडवून लावणार नाही. म्हणूनच मागणी करताना अट एकत्र घालावी लागेल: ज्या विषयाचा शिक्षक नाही त्या वर्गाला व्हिडिओ पर्याय म्हणून धरला जाऊ नये, आणि धडे करणाऱ्या शिक्षकांना त्या कामाचे मानधन व तासांची सूट मिळावी. निवृत्त शिक्षक या कामी उपयोगी पडतील. त्यांच्यापैकी अनेकांनी वर्षानुवर्षे मराठी माध्यमातल्या मुलांना हाच भाषेचा ओढा पार करून दिला आहे. कॅमेरा, ध्वनीची सोय आणि हार्ड डिस्कचा खर्च जिल्हा नियोजन समितीच्या आवाक्यात आहे. पुढच्या जूनमध्ये अकरावीत येणाऱ्या मुलांसाठी धडे तयार हवे असतील तर चित्रीकरण उन्हाळ्याच्या सुटीत व्हायला हवे, आणि त्यासाठी निधीची मागणी समितीचा वार्षिक आराखडा ठरण्याआधी, याच हिवाळ्यात नोंदवायला हवी.